गैरहजेरीपुरते दोषी

एका लष्करी खटल्याच्या कागदांत माझ्याबद्दल लिहिलेलं आहे की, मी पाच महिने अंथरुणातून उठत नव्हते, जेवत नव्हते, समोर आलेल्या माणसाला ओळख देत नव्हते. हे मीच सांगितलं, शपथेवर सांगितलं, आणि त्यातलं एक अक्षरही माझं नव्हतं. तो आजार माझ्या नवऱ्याचा होता. त्यांची सुटका व्हावी म्हणून मी तो अंगावर घेतला. त्याला अकरा वर्षं झाली, तरी या घराने तो माझ्या अंगावरून उतरवून घेतलेला नाही.

सुरुवात सासऱ्यांपासून करते, कारण ती त्यांनीच केली. मामाजी रेल्वेत हेडक्लार्क होते. वर्ध्याकडून बदलून रायपूरला आले आणि बूढ़ापाऱ्यात (पारा म्हणजे इकडे मोहल्ला) घर बांधून इथलेच झाले. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, मामाजी अर्जांना लागले. नळाला पाणी कमी आलं की अर्ज, पाऱ्यातला दिवा गेला की अर्ज, शेजाऱ्याच्या मुलाची मार्कशीट अडली की त्याचाही अर्ज हेच लिहून देणार. हिंदी इतकी शुद्ध की, वाचणाऱ्याने आधी उभं राहावं. त्यांच्या मते जगात असं एकही दुखणं नव्हतं, जे ‘सविनय निवेदन है’ने सुरू करून बरं होत नाही.

माझा नवरा सैन्यात नाईक होता. बारा वर्षं नोकरी झाली होती. त्या वर्षी दोनदा त्यांची रजा मंजूर होऊन रद्द झाली, तिसऱ्या वेळी एक महिन्याची मिळाली आणि ते घरी आले. येऊन पहिले चार दिवस बरे होते. मग बोलणं कमी झालं, मग जेवण कमी झालं. परत जायच्या दिवशी ट्रंक भरून दाराशी ठेवलेली आणि हे भिंतीकडे तोंड करून पडलेले.

“अवो, उठा ना. गाडी चालली जाईल.”

“जातो ना. उद्या जातो.”

तो उद्या पाच महिने आला नाही. पहाटे साडेचारला बूट घालून तयार असणारा माणूस दुपारपर्यंत पाठ वळवून पडून राहायचा. दाढी वाढलेली. आमची पोरगी तेव्हा नऊ वर्षांची होती, ती शाळेतून येऊन यांच्या कानाशी पाढे म्हणून दाखवायची, तर हे तिच्याकडे बघायचे आणि कोणाची पोरगी आहे असा चेहरा करायचे. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. मामाजी म्हणाले, “त्याले काय झालं? थकला आहे पोट्टा. पडू दे.”

पंधरा दिवसांनी पलटणीचं पत्र आलं की, नाईक अमुक रजा संपूनही हजर झाला नाही, त्याला ताबडतोब पाठवा. पत्र मामाजींच्या नावावर होतं, आणि मामाजींच्या हातात पत्र पडलं म्हणजे उत्तर जाणारच. त्यांनी मुलाला विचारलं नाही. बाजूच्या खोलीत तो जागा पडलेला होता, दहा पावलांवर, तरी विचारलं नाही. टेबलाशी बसून त्यांनी लिहिलं की, माझा पुत्र आता सेवेत परत येण्यास इच्छुक नाही, तरी त्याचा हिशोब करून त्यास मुक्त करावे. खाली सही, तारीख, ‘भूतपूर्व रेल कर्मचारी’. मग मला मोठ्याने वाचून दाखवलं.

“रेल्वेत असंच राहते,” ते म्हणाले. “नाही करायची नोकरी, तर कळवून द्यायचं. कागद साफ पाहिजे.”

शाळेत जाता जाता ते पत्र रजिस्ट्रीने मीच टाकलं. मी तेव्हा पाऱ्यातल्याच एका खाजगी शाळेत शिकवत होते. पत्र ऐकलेलं होतं, लिफाफाही मीच चिकटवला, आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही. रेल्वेवाल्यांच्या घरात राहून माझीही अक्कल रेल्वेचीच झाली होती.

चौथ्या महिन्यात ठाण्यातून एक हवालदार आला. भला माणूस होता, बूट बाहेर काढून आत आला. म्हणाला, फौजेकडून कागद आला आहे, तुमचा मुलगा भगोडा, म्हणजे फौजेतून पळालेला, घोषित झाला आहे, कुठे आहे तो? हे त्या वेळी घरात नव्हते, मी त्यांना कसंबसं उठवून न्हाव्याकडे पाठवलं होतं. मामाजी ताठ झाले. म्हणाले, “भगोड़ा कैसे? हमने तो लिखकर भेजा है. इस्तीफ़ा है वो.”

हवालदार हसला. “दादाजी, फ़ौज में इस्तीफ़ा नहीं होता. आपने तो ख़ुद लिखकर दे दिया कि लड़का लौटेगा नहीं.”

मामाजींचा चेहरा पडला, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. हवालदार गेल्यावर मला म्हणाले, “तुले पोस्टात टाकायची इतकी काय घाई होती?”

मी त्या दिवशी ठरवलं की, पोलिसांनी धरून नेण्याआधी यांना मीच घेऊन जायचं. शाळेतून सुटी काढली, पोरीला शेजारी ठेवलं. यांना अंघोळ घातली, दाढी केली, वर्दी इस्त्री करून आणली, आणि गाडीत बसवून मध्य प्रदेशातल्या त्या छावणीच्या गेटपर्यंत घेऊन गेले. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. गेटवरच्या पहारेकऱ्याने नाव विचारलं तेव्हा मात्र टाचा जुळवून नंबर, हुद्दा, नाव, सगळं खणखणीत सांगितलं. मला राग आला. पाच महिन्यांत माझ्यासाठी एवढा आवाज निघाला नव्हता.

खटला उभा राहिला. आरोपपत्रावर एकच आरोप होता, भगोडेपणाचा. आरोपीच्या बाजूने बोलायला एक तरुण कॅप्टन दिलेला होता, त्याने मला आणि मामाजींना समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. नुसतं न जाणं म्हणजे भगोडेपणा नाही, परत न जाण्याचा इरादा असणं म्हणजे भगोडेपणा. इरादा सिद्ध झाला तर लांबची कैद आणि बडतर्फी, बारा वर्षांची नोकरी पाण्यात. इरादा सिद्ध झाला नाही, तर कोर्ट त्याच आरोपावर खालच्या गुन्ह्यात दोषी धरू शकतं, म्हणजे विनारजा गैरहजेरी. त्यासाठी वेगळा आरोप ठेवावा लागत नाही, कायद्यातच तशी सोय आहे. शिक्षा होईल, पण नोकरी राहू शकेल.

“पूरे नहीं छूटेंगे, मैडम,” तो म्हणाला. “इतना ही हो सकता है. और बीच में ये चिट्ठी है.” त्याने मामाजींच्या पत्राची नक्कल समोर ठेवली. अक्षर फार सुंदर होतं.

मी म्हटलं, “सर, ते आजारी होते. मनाने आजारी. हेच सांगू ना.”

कॅप्टनने पेन खाली ठेवलं. म्हणाला, हे सांगता येईल. मग त्यांची वैद्यकीय तपासणी होईल, डॉक्टरांचं बोर्ड बसेल, काय निघेल ते निघेल. हाही रस्ता आहे, पण घरच्यांनी विचार करून सांगा. आणखी एक रस्ता असतो, घरात कोणी फार आजारी असलं आणि त्यासाठी माणूस अडकला असेल, तर कोर्ट तेही ऐकतं. कोणी आजारी होतं का घरात?

एवढ्यावर मामाजींनी माझ्याकडे बघितलं. मी ती नजर विसरलेली नाही. दुकानात दोन वस्तूंतली कोणती घ्यावी, असं बघतात ना, तसं. कॅप्टनला ते म्हणाले, “बहू की तबियत ख़राब थी, साहब.”

बाहेर आल्यावर मी भांडले. झाडाखाली उभं राहून, येणारे-जाणारे जवान बघत असताना भांडले. मी म्हटलं, तुम्ही उभे राहा आणि सांगा की पत्र मी मुलाला न विचारता लिहिलं. मामाजी म्हणाले, “माह्या सहीचा कागद मीच खोटा म्हणू? अन् पोट्टा येडा होऊन घरी आला असं पाऱ्यात सांगू? त्याच्यापेक्षा भगोडा बरा.”

आम्हाला यांची अर्धा तास भेट मिळाली. मला वाटलं, हे तरी म्हणतील की खरं सांग. ते खाली बघून म्हणाले, “बाबा बरोबर म्हणते. माह्यावर तसलं काही लिहू देऊ नको.”

“अन् माह्यावर लिहिलं तर?”

“तुयं काय जाते? तुले कोण नोकरीवरून काढून राहिलं?”

मी उठून निघून जायला हवं होतं. गेले नाही. नऊ वर्षांची पोरगी होती, आणि या माणसाला कैदेत टाकलं तर तो जिवंत परत येईल की नाही, याची मला खात्री नव्हती. मामाजींनी रायपूरच्या एका ओळखीच्या डॉक्टरकडून माझ्या नावाचं सर्टिफिकेट आणलं. माझी नाडीही न बघता त्याने ते लिहिलं.

कोर्टात तीन अधिकारी बसले होते. नवरा एका बाजूला उभा, टोपी नाही, पट्टा नाही. माझी शपथ झाली. आधी मामाजींचं पत्र वाचून दाखवलं गेलं. मी म्हटलं, हे सासऱ्यांनी आपल्या मनाने लिहिलं, यांना माहीतसुद्धा नव्हतं. एवढं एकच मी त्या दिवशी खरं बोलले. मामाजी तब्येतीचं कारण सांगून त्या दिवशी आलेच नव्हते.

मग मधल्या अधिकाऱ्याने विचारलं, “आपको क्या तकलीफ़ थी?”

मी खोटं रचलं नाही. रचण्याची गरजच नव्हती, मी पाच महिने पाहिलेलं होतं. मी म्हटलं, सकाळी डोळे उघडले की पहिला विचार यायचा की, अजून एक दिवस आहे. जेवण समोर आलं की ते कोणासाठी आहे हे कळायचं नाही. मुलगी बोलायची, तिचे ओठ हलताना दिसायचे, शब्द पोचायचे नाहीत. हात उचलून डोक्यावरची माशी हाकलणंसुद्धा व्हायचं नाही. मी सांगत गेले आणि हे समोर उभे राहून आपलीच कहाणी बायकोच्या तोंडून ऐकत राहिले. एकदाही वर बघितलं नाही.

“और तब आपके पति क्या करते थे?”

“मेरे पास बैठे रहते थे,” मी म्हटलं. “मुझे अकेला नहीं छोड़ते थे.”

ते मी करत होते. तेही त्यांना देऊन टाकलं.

निकाल लागला. भगोडेपणाच्या आरोपात दोषी नाही, विनारजा गैरहजेरीत दोषी. नाईकची पट्टी गेली आणि तीन महिन्यांची कैद झाली. कॅप्टन माझ्याशी हात जोडून बोलला, म्हणाला, आपली साक्ष आणि ते आपल्या पायांनी गेटवर हजर झाले ही गोष्ट, या दोन्हींमुळे झालं. आपल्या पायांनी की कोणाच्या पायांनी, हे मी त्याला सांगितलं नाही.

मामाजींनी बूढ़ापाऱ्यात पेढे वाटले. मुलाला शिक्षा झाली म्हणून पेढे वाटणारं घर मी दुसरं पाहिलेलं नाही. दारोदार जाऊन सांगितलं की, भगोडा नाही निघाला, सूनबाईच्या आजारपणापायी बिचाऱ्याची रजा वाढली, कोर्टानेही मान्य केलं. कोर्टातला कागद कोर्टातच राहिला असता, तो पाऱ्यात यांनी आणला. पेढ्याबरोबर माझा आजार घरोघरी गेला. वरून माझ्यावरच रुसले की, भर कोर्टात पत्राचं सांगून माझी नाचक्की केली.

महिन्याभरात शाळेच्या मुख्याध्यापिकेने मला बोलावलं. फार गोड बाई. “दीदी, आप छोटे बच्चों की क्लास अब मत लीजिए. आराम कीजिए.” मला लायब्ररीत बसवलं. लायब्ररी म्हणजे दोन कपाटं आणि एक खुर्ची. पुढच्या वर्षी तीही खुर्ची राहिली नाही. माझं काय जाणार होतं, ते असं गेलं.

यांची नोकरी मात्र पूर्ण झाली. कैद भोगून पलटणीत परत गेले, हळूहळू माणसांत आले, पेन्शन घेऊन घरी आले. आता रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. संध्याकाळी काळी धूळ घेऊन घरी येतात, गरम पाण्याने हातपाय धुतात, जेवतात. मारत नाहीत, पीत नाहीत. लोक मला नशीबवान म्हणतात. या अकरा वर्षांत त्या साक्षीबद्दल एक शब्द त्यांच्या तोंडून निघालेला नाही.

आणि घरात माझी जागा ठरून गेली. मला राग येतो, पहिल्यापासून येतो, माहेरीसुद्धा मला तिखट म्हणायचे. पण आता माझा राग हा राग राहिला नाही. भाजीवाल्याशी भांडले की मामाजी खोलीतून म्हणणार, “तब्येत बिघडून राहिली वाटते सूनबाईची.” दिवाळीत पाहुण्यांसमोर मी त्यांचं बोलणं खोडून काढलं, तर पाहुणीने माझा हात धरला आणि हळूच विचारलं, औषध घेता ना वेळेवर? मी नवऱ्याकडे बघितलं. ते ताटातला चिवडा निवडत होते. नवऱ्यावर आरोप एका गुन्ह्याचा होता आणि त्यांना दोषी धरलं दुसऱ्या, लहान गुन्ह्यात. माझ्यावर तर कसला आरोपही नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात, इथे संन्याशीण स्वतः सुळीपर्यंत चालत गेली, म्हणून कोणाला काही वाटलंही नाही.

हे मी गिळून टाकलं असतं. बाईमाणूस काय काय गिळतं. पण मागच्या हिवाळ्यात पोरगी आजारी पडली.

ती आता वीस वर्षांची आहे, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. आधी सकाळचे तास बुडायला लागले, मग सगळेच. मी मराठीत विचारायची, ती हिंदीत उत्तर द्यायची, ते नेहमीचंच. पण आता उत्तरंही थांबली. ताटातली पोळी तशीच. एके दिवशी मी तिचे केस विंचरत होते, तर म्हणाली, “मम्मी, सुबह आँख खुलती है ना, तो लगता है, अरे, फिर से दिन है.” माझ्या हातातला कंगवा थांबला. हे वाक्य मी कोर्टात बोलले होते, आणि कोणाच्या चेहऱ्यावरून वाचून बोलले होते ते मला माहीत होतं.

या वेळी मी कोणाला विचारलं नाही. तेलीबांधा भागात एक मनोविकारांच्या डॉक्टरीणबाई बसतात, त्यांची वेळ घेतली. नवऱ्याला म्हटलं, ड्यूटी बदलून घ्या आणि चला. मामाजी चौऱ्याऐंशीचे, काठी टेकत तेही रिक्षात बसले, काखेत फाईल. कागदाशिवाय डॉक्टरकडे कोणी जातं का, म्हणाले.

बाई शांत होत्या. पोरीशी खूप वेळ बोलल्या, मग आम्हाला आत घेतलं. म्हणाल्या, हिच्या औषधाचा विचार करताना मला नीट माहिती हवी. परिवारात आधी कोणाला असा त्रास झाला होता का? केव्हा, किती दिवस, कशाने बरं वाटलं?

मी नवऱ्याकडे बघितलं. खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्यासाठी काही नको होतं. त्यांनी फक्त पोरीसाठी तोंड उघडायला हवं होतं.

मामाजींनी उघडलं. “इसकी माँ को रहा है, डॉक्टर साहब. पुराना है. सेना के काग़ज़ में दर्ज है.” आणि फाईल पुढे सरकवली. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि लिहायला घेतलं.

“लिहू नका,” मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, मग हिंदीत सांगितलं. “झूठ है. मैंने कोर्ट में झूठ बोला था. बीमार ये थे. पाँच महीने. इनसे पूछिए.”

“पाहा, पाहा,” मामाजी म्हणाले, “सुरू झालं हिचं.”

डॉक्टरीणबाईंचं पेन तसंच धरलेलं. त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, ती नजर मी अकरा वर्षं ओळखते. आवाज चढलेली, थरथरणारी बाई, आणि दोन शांत बसलेले पुरुष. कोणीही काय समजेल? नवऱ्याने रुमाल काढून कपाळ पुसलं. मी म्हटलं, “बोला ना. तिच्यासाठी बोला.” ते रुमालाची घडी घालत बसले. मला वाटलं, आता या माणसाला मी कधीही हाक मारणार नाही.

तेव्हा पोरगी बोलली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, आजोबांकडे बघितलं नाही. यांच्या बाहीला धरून हळूच विचारलं, “पापा, आपको भी ऐसा ही होता था?”

त्यांनी तिच्या हाताकडे बघितलं.

“हव, बेटा,” ते म्हणाले. “मले होत होतं. तुया मम्मीले काही नव्हतं.”

मग ते सांगत गेले. झोप कशी यायची नाही, कोणत्या महिन्यात थोडं सुटल्यासारखं वाटलं, पलटणीत परत गेल्यावर कोणत्या साहेबाने चोरून डॉक्टरला दाखवलं, कोणती गोळी लागू पडली. गोळीचं नावसुद्धा पाठ होतं. मामाजी दोनदा खाकरले, मग फाईल परत मांडीवर ओढून घेतली. बाई भराभर लिहून घेत होत्या. मी ऐकत होते. यातलं काहीही मला माहीत नव्हतं. हे गोळ्या घेऊन बरे झाले होते, आणि घरात औषध घेते का म्हणून लोक मला विचारत होते.

पोरीला त्या दिवशी तीच गोळी लिहून दिली, आणि आता ती दुपारची का होईना, कॉलेजला जाते. घरी आल्यावर हे स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. काहीतरी म्हणायचं होतं त्यांना. मी पाठ वळवून भात लावत होते आणि वळले नाही. एका पोरीने बाही धरल्यावर दोन मिनिटांत निघालं ते वाक्य, इतकं सोपं होतं. माझ्यासाठी अकरा वर्षांत ते निघालं नाही, आणि त्याची मला माफी द्यायची नाही.